डॉट कॉम आपले, डॉट शॉप दुसऱ्याचे: वाढत्या एक्स्टेंशनच्या काळात नाव राखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे. ब्रँडच्या नावाचे डॉट कॉम बरीच वर्षे कारखान्याकडे आहे. आता तेच नाव डॉट शॉप या एक्स्टेंशनमध्ये (एक्स्टेंशन म्हणजे ठिपक्यानंतरचा भाग) कुणीतरी घेतले असून त्यावर तसाच माल दिसतो. डॉट इनसुद्धा गेले आहे, पण ते पान रिकामे आहे. त्यातच एक ईमेल आला: ‘परदेशातली एक कंपनी तुमचे नाव आठ एक्स्टेंशनमध्ये नोंदवते आहे, हरकत असेल तर तातडीने कळवा.’ मग सगळी एक्स्टेंशन विकत घ्यायची, की कोर्टात जायचे? आणि ‘सोलापुरी चादर’ हे शब्द दुसऱ्याने डोमेनमध्ये वापरले तर अडवता येतात का?

आधी त्या ईमेलचे बघू, कारण ते सोपे आहे. उत्तर देऊ नका. डोमेनच्या धंद्यात जो पहिला येईल त्याला नाव मिळते, आणि रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी कंपनी, नाव देण्याआधी तिसऱ्या कुणाची परवानगी मागत बसत नाही. ‘हरकत आहे का’ असे विचारणारा माणूस म्हणजे विक्रेता. घाबरून तुम्ही आठ नावे त्याच्याकडून चढ्या भावाने घ्याल, एवढाच त्याचा हिशेब. ट्रेडमार्क-मालकाला अधिकृत सूचना जाते ती ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊस या, जगभरच्या ट्रेडमार्कची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडून. तीसुद्धा तुम्ही तिथे नोंद केली असेल तरच, आणि समोरच्याने नाव घेतल्यानंतर.

सगळी एक्स्टेंशन घेण्याचा विचारही सोडा. २०१२ च्या आधी सर्वसाधारण, म्हणजे डॉट कॉमसारखी कुठल्याही एका देशाची नसलेली, एक्स्टेंशन जेमतेम २२ होती. जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने जून २०११ मध्ये सिंगापूरच्या बैठकीत नव्या एक्स्टेंशनसाठी दार उघडले. २०१२ च्या फेरीत प्रत्येकी १,८५,००० डॉलर भरून १,९३० अर्ज आले आणि त्यातून १,२०० हून अधिक एक्स्टेंशन प्रत्यक्ष सुरू झाली. सरासरी दीड हजार रुपये वर्षाला धरले, तरी एका नावाचे वर्षाला अठरा लाख होतात. शिवाय चादरीचे स्पेलिंग एक नाही. इंग्रजीत कुणी एक ‘डी’ लावतो, कुणी दोन. सोलापूरचे जुने ‘शोलापूर’ हे स्पेलिंग अजून कितीतरी फर्मच्या नावात आहे. गुणाकार करून बघा, म्हणजे हा रस्ता कुठे जातो ते कळेल.

आणि ही शेवटची फेरी नव्हे. पुढच्या फेरीसाठी आयकॅनने ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ ही अर्जाची मुदत जाहीर केली आणि फी २,२७,००० डॉलर ठेवली, म्हणजे सुमारे दोन कोटी रुपये. मंजुरी, करार आणि तांत्रिक चाचणी यात वेळ जातो, त्यामुळे या फेरीतली नावे बाजारात येतील ती नंतर. तोवरचा काळ तुमच्या कामाचा आहे. तो कसा वापरायचा ते पुढे येते.

डोमेनवर मालकी नसते, हे आधी समजून घ्या. ‘डोमेन विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण सातबाऱ्यावर नाव लागावे तसे इथे काही लागत नाही. आयकॅनचा रजिस्ट्रीशी, म्हणजे एक्स्टेंशन चालवणाऱ्या संस्थेशी, करार, रजिस्ट्रीचा रजिस्ट्रारशी, रजिस्ट्रारचा तुमच्याशी, अशी करारांची साखळी असते. तिच्या टोकाला तुम्ही मुदतीचे भाडेकरू. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा भाडेपट्टा. भारतात डोमेनसाठी वेगळा कायदाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या निकालात सांगितले, की डोमेन नुसता पत्ता नाही, ते व्यापारी ओळखीचे काम करते, म्हणून ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धचा, दावा डोमेनलाही लागू होतो. त्याच निकालात एक अडचणही नोंदली आहे. ट्रेडमार्कचा कायदा देशाच्या सीमेपुरता असतो, डोमेन जगभर उघडते. एकाच नावाचे दोन प्रामाणिक व्यापारी दोन देशांत, किंवा एकाच गावात, असू शकतात.

सोलापुरात तर असतातच. पूर्व भागात एकाच आडनावाची पाच-सहा कारखानदार कुटुंबे सापडतील आणि प्रत्येकाच्या मालावर तेच आडनाव असेल. तुमचा ब्रँड आडनावावर उभा असेल आणि डॉट शॉपवाला त्याच आडनावाचा खरा विणकर निघाला, तर ‘स्वतःच्या नावाचा प्रामाणिक वापर’ हा बचाव त्याला ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम ३५ खाली मिळतो. डोमेनच्या लवादातही त्याचा वैध हितसंबंध मानला जातो. म्हणून नोटीस पाठवण्याआधी समोर कोण आहे ते शोधा.

शोध आणि पुरावा एकदमच गोळा करा, तोही नोटिशीच्या आधी. नोटीस गेली की पान रातोरात बदलते. नोंदणीचा तपशील काढा: रजिस्ट्रार कोण, नोंदणीची तारीख काय, नेमसर्व्हर (ते नाव कुठल्या संगणकाकडे वळते हे सांगणारे सर्व्हर) कोणते. मालकाचे नाव बहुधा झाकलेले मिळेल. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक एक्स्टेंशनमध्ये तसेच आहे. ते नसले तरी तक्रार अडत नाही. लवादाकडे तक्रार गेली की रजिस्ट्रारला नाव द्यावे लागते आणि मग तक्रारीत दुरुस्ती करता येते. पानांचे स्क्रीनशॉट पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे घ्या. एक चादर स्वतः मागवा, बिल, पार्सल आणि लेबल जपून ठेवा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बची जागा १ जुलै २०२४ पासून याने घेतली. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा, द्यावे लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे फिरवले की चित्राची फाइल दाबली जाते आणि हॅश बदलते. मूळ फाइल पेनड्राइव्हवर वेगळी काढून ठेवा.

त्या रिकाम्या डॉट इनच्या एमएक्स नोंदी अवश्य तपासा. एमएक्स म्हणजे त्या नावाने येणारी ईमेल कुठे पोचवायची याची नोंद. पान कोरे आणि एमएक्स चालू असेल तर धोका दुकानाचा नाही, बिलाचा आहे. निर्यातीचा टॉवेल घेणाऱ्या परदेशी ग्राहकाला तुमच्यासारख्याच पत्त्यावरून ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे पत्र जाते आणि कंटेनरचे पैसे भलत्या खात्यात पडतात. असे आधीच घडले असेल तर लवाद वगैरे बाजूला ठेवा. तासाभरात १९३० ला फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि दोन्हीकडच्या बँकांना लेखी कळवणे, हा क्रम. रजिस्ट्रारच्या गैरवापर-कक्षालाही पुरावा पाठवा. आयकॅनच्या करारांत ५ एप्रिल २०२४ पासून बदल झाला असून फिशिंग, मालवेअर अशा प्रकारांत पक्का पुरावा मिळाल्यावर हालचाल करणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. हा करार सर्वसाधारण एक्स्टेंशनचा आहे. डॉट इनसाठी रजिस्ट्रारसोबत निक्सीलाही, म्हणजे डॉट इन चालवणाऱ्या संस्थेलाही, कळवा. मात्र ‘माझा ट्रेडमार्क वापरला’ ही तक्रार या खात्यात बसत नाही, ती केली तर साचेबंद उत्तर येईल.

आता दाद कुठे मागायची ते एक्स्टेंशनवर ठरते. दोन डोमेनसाठी एकच तक्रार करण्याची चूक सर्रास होते आणि ती निम्मी फेटाळली जाते.

डॉट शॉप हे २०१२ च्या फेरीतले एक्स्टेंशन, म्हणून तिथे आयकॅनची १९९९ पासून चालत आलेली वादनिवारण पद्धत, यूडीआरपी, लागू होते. तिथे तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात आणि तिन्ही लागतात. डोमेन हुबेहूब तुमच्या मार्कसारखे किंवा गोंधळ होईल इतके सारखे आहे. समोरच्याचा त्यावर वैध हितसंबंध नाही. आणि त्याने ते अप्रामाणिक हेतूने नोंदवले आणि वापरलेही. या शेवटच्या ‘आणि’वर बरीच प्रकरणे पडतात. तुमचा ब्रँड २०२० मध्ये सुरू झाला आणि समोरच्याचे डोमेन २०१७ चे असेल, तर त्याने ते तुम्हाला लुबाडायला घेतले असे म्हणता येत नाही. उलट तक्रारच जुलमी ठरवून तसा शेरा निकालात येऊ शकतो. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे, म्हणजे वायपोकडे, पाच नावांपर्यंत एका पंचाची फी १,५०० डॉलर आणि तीन पंचांची ४,००० डॉलर. वकिलाचे वेगळे. समोरच्याला उत्तराला २० दिवस मिळतात, साधारण दोन महिन्यांत निकाल लागतो. मिळते काय? डोमेन तुमच्या नावावर, किंवा रद्द. नुकसानभरपाई एक रुपयाही नाही. निकालानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत समोरचा कोर्टात गेला तर हस्तांतर थांबते.

तुलना करताना पंच बहुधा ठिपक्यानंतरचा भाग सोडून देतात. पण नव्या एक्स्टेंशनमध्ये तो भागच कधी कधी तक्रारदाराच्या बाजूने बोलतो. २०१४ मधल्या ‘कॅनियन डॉट बाइक’ प्रकरणात तक्रारदार सायकली बनवणारी कंपनी होती, आणि एक्स्टेंशनच ‘बाइक’ असल्याने गोंधळ वाढतो हे पंचाने विचारात घेतले. चादरीच्या ब्रँडपुढे ‘शॉप’ किंवा ‘स्टोअर’ लागले की गिऱ्हाइकाला ते कंपनीचेच दुकान वाटते, हा मुद्दा तक्रारीत अप्रामाणिक हेतूखाली मांडा, सारखेपणाखाली नको.

याहून स्वस्त आणि जलद पद्धत यूआरएस. फी काहीशे डॉलर, उत्तराला १४ दिवस. पण तिथे नोंदणीकृत शब्दमार्क आणि चालू वापर लागतो, पुरावा निःसंदिग्ध हवा, आणि जिंकलात तरी डोमेन फक्त मुदत संपेपर्यंत निलंबित होते, तुमच्या हाती येत नाही. मुदत संपली की पुन्हा बाजारात. चार महिन्यांच्या बनावट सेलच्या पानासाठी ठीक; जे नाव तुम्हाला स्वतःला वापरायचे आहे त्यासाठी नव्हे.

डॉट इनचे नियम वेगळे आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तक्रारदाराला जास्त सोयीचे. तिथे निक्सीची वादनिवारण पद्धत, आयएनडीआरपी, लागते. यात तिसऱ्या अटीत ‘आणि’ नाही, ‘किंवा’ आहे: अप्रामाणिक हेतूने नोंदवले किंवा वापरले, कुठलेही एक पुरते. ट्रेडमार्कबरोबर नुसत्या ‘नावा’वरचा हक्कही दाखवता येतो. निक्सी लवाद नेमते आणि निवाडा लवाद कायदा, १९९६ खालचा असतो. तो मान्य नसेल तर कलम ३४ खाली आव्हान. रिकामे पान हाही वापर धरला जाऊ शकतो, पण नुसते रिकामेपण पुरत नाही. विकायला काढल्याची जाहिरात, एमएक्स नोंद, त्याच माणसाने घेतलेली इतरांच्या ब्रँडची नावे, असे काहीतरी जोडावे लागते. म्हणून त्याला ‘किती घेणार’ असे विचारणारे पत्र जपून लिहा. खर्चापेक्षा मोठी रक्कम त्याने मागितली तर तो तुमचा पुरावा. तुम्हीच आधी मोठी रक्कम देऊ केली, तर तो पुरावा बोथट.

तिसरा रस्ता कोर्टाचा. मार्क नोंदणीकृत असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे तुमचा धंदा जिथे चालतो त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे सोलापुरातच, उल्लंघनाचा दावा करता येतो. मार्क नोंदलेला नसेल तर पासिंग ऑफला ही सवलत नाही. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा नेहमीचा नियम, प्रतिवादी कुठे किंवा वादाचे कारण कुठे घडले, लागतो. तीन लाख आणि त्यावरच्या मूल्याचा वाद व्यापारी न्यायालयाकडे जातो. तातडीचा मनाईहुकूम मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. कोर्ट महाग आणि सावकाश, पण भरपाई, हिशेब, मनाईहुकूम हे सगळे फक्त तिथेच मिळते. समोरचा सोलापुरातलाच, माल खरा विकणारा असेल, तर लवादापेक्षा कोर्टच बरे.

‘यापुढे माझे नाव कुठल्याच एक्स्टेंशनमध्ये देऊ नका’ असा सरसकट हुकूम मात्र मिळत नाही. स्नॅपडील विरुद्ध गोडॅडी या २०२२ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने हेच सांगितले. भविष्यातले प्रत्येक नाव उल्लंघनच असेल असे आधीच धरता येत नाही, प्रत्येक डोमेनला वेगळे आव्हान द्यावे लागेल. त्याच निकालात, पर्यायी नावे सुचवून पैसे कमावणाऱ्या रजिस्ट्रारला ‘आम्ही निव्वळ मध्यस्थ’ म्हणून हात झटकता येणार नाहीत, असेही म्हटले आहे.

एक्स्टेंशन वाढतील तसे यातले काहीही स्वस्त होणार नाही. प्रत्येक रस्त्यावर तुमच्या हातात ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र आहे की नाही, याने फरक पडतो. म्हणून पैसे डोमेनवर उधळण्याआधी मार्क नोंदवा. चादर, टॉवेल, नॅपकिन वर्ग २४ मध्ये. गणवेश आणि तयार कपडे वर्ग २५ मध्ये. स्वतःचे ऑनलाइन दुकान असेल तर वर्ग ३५. ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला दर वर्गामागे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र जोडा, ते विसरले की आक्षेप येतो. मार्क शब्दरूपात नोंदवा. नुसता लोगो नोंदला तर डोमेनच्या वादात त्यातल्या अक्षरांपुरताच उपयोग होतो. देवनागरी आणि रोमन वेगळे अर्ज करा. वापर कधीपासून याची तारीख लिहाल त्याला बिले लागतात, तेव्हा जीएसटीच्या आधीची व्हॅटची बिलबुके रद्दीत घालू नका. जर्नलमध्ये प्रसिद्धीनंतर हरकतीसाठी चार महिने जातात, त्यामुळे सगळे सुरळीत झाले तरी वेळ लागतो. आज अर्ज केला तर पुढच्या फेरीची एक्स्टेंशन सुरू होईपर्यंत प्रमाणपत्र हाती येण्याची शक्यता बरी आहे.

ते आले की ट्रेडमार्क क्लिअरिंगहाऊसचा विचार करता येतो. प्रलंबित अर्ज तिथे चालत नाही. नोंद केली की नवे एक्स्टेंशन सर्वांना खुले होण्याआधी किमान ३० दिवसांच्या ‘सनराइज’मध्ये पहिला हक्क मिळतो, त्यासाठी वापराचा पुरावा लागतो. खुले झाल्यावर पहिले ९० दिवस तुमचे नाव मागणाऱ्याला इशारा दिसतो. पण जुळणी तंतोतंत असते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले, की यंत्रणा गप्प. म्हणून गावपातळीवर विकणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत. निर्यातदाराने, तेही मुख्य मार्कपुरते, घालावेत.

आता ‘सोलापुरी चादर’. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल यांना भौगोलिक निर्देशांक (जीआय) आहेत, म्हणून कुणा एकाला ही नावे ट्रेडमार्क म्हणून मिळत नाहीत. सोलापुरात विणलेली अस्सल चादर विकणाऱ्याने ते शब्द डोमेनमध्ये घेतले तर तुम्ही त्याला अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. दुसऱ्या राज्यात विणलेला माल त्या नावाने विकला जात असेल तर भौगोलिक निर्देशांक कायद्याचे कलम २२ आहे, पण ती दाद नोंदणीकृत मालक आणि ‘अधिकृत वापरकर्ता’ यांनाच. निर्देशांक आहे म्हणून प्रत्येक कारखानदार आपोआप वापरकर्ता ठरत नाही, चेन्नईच्या निबंधकांकडे स्वतःचे नाव नोंदवावे लागते. आणखी एक खाच आहे. यूडीआरपी ट्रेडमार्कवर उभी आहे. नुसता भौगोलिक निर्देशांक दाखवून तिथे उभे राहता येत नाही. याच कारणासाठी डॉट वाइन आणि डॉट व्हिन या एक्स्टेंशनवरून युरोपच्या द्राक्षमद्य उत्पादकांनी मोठा आरडाओरडा केला होता. तेव्हा चादरीच्या बनावट पानासाठी इथे कोर्टच. कुणी ‘डॉट सोलापूर’चे स्वप्न दाखवले तर शहराच्या नावासाठी संबंधित शासनाचे पाठिंब्याचे किंवा ना-हरकतीचे पत्र लागते, हे आधी विचारा, फी वर दिलीच आहे.

देवनागरीत डॉट भारत ऑगस्ट २०१४ पासून आहे. तिथे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. ‘सोलापुरी’ आणि ‘सोलापूरी’ संगणकाला दोन वेगळी नावे आहेत. शुद्ध पहिले, पण पाट्यांवर दुसरेही भरपूर दिसते. दोन्ही घेणे इथे शहाणपणाचे. ‘ऱ्य’ असलेले नाव असेल तर दोन कळफलकांवर टाइप करून तपासा. दिसायला एकच अक्षर, आतले सांकेतिक अंक वेगळे निघतात आणि नाव उघडत नाही.

मग घ्यायचे काय? डॉट कॉम, डॉट इन, सर्वात प्रचलित चुकीचे स्पेलिंग, डॉट भारतमधली दोन रूपे, आणि ऑनलाइन विक्री असेल तर डॉट शॉप किंवा डॉट स्टोअरपैकी एक. सहा-सात नावे पुरे. जी नावे ईमेलला वापरत नाही त्यांच्या एसपीएफ आणि डीमार्क नोंदींत (ईमेल खरी कोणाची हे पडताळायला लागणाऱ्या नोंदी) ‘या नावाने कोणीही ईमेल पाठवत नाही’ असे घालून ठेवा, नाहीतर तुमचेच नाव तुमच्याविरुद्ध वापरता येते. नवे एक्स्टेंशन घेताना पहिल्या वर्षाचा नव्वद-शंभर रुपयांचा भाव बघू नका, रिन्युअल बघा. नव्या रजिस्ट्रींवर किमतीची कमाल मर्यादा नाही. रिन्युअलचा भाव वाढवण्याआधी रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला १८० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि त्या अवधीत जुन्या भावाने दहा वर्षांपर्यंत वाढवून घेता येते. ‘प्रीमियम’ शिक्का मारलेल्या नावाचे रिन्युअल दरवर्षी प्रीमियमच राहू शकते, ते करारात वाचा. मुदत चुकली तर डॉट कॉमसारख्या एक्स्टेंशनमध्ये रजिस्ट्रारच्या धोरणाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंतची सवलत, मग ३० दिवस जादा दंड भरून सोडवण्याचे, मग पाच दिवस, आणि नाव खुले. पहिल्या सवलतीतच काही रजिस्ट्रार नाव लिलावात काढतात, त्यामुळे ४५ दिवसांवर भरवसा ठेवू नका.

शेवटी, परक्याच्या डॉट शॉपमागे धावण्याआधी तुमचे स्वतःचे डॉट कॉम कोणाच्या नावावर आहे ते बघा. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यात नोंदवलेले असण्याची शक्यता मोठी आहे. तो फिरला तर यूडीआरपी फारशी कामाला येत नाही. पंच अशा प्रकरणाला ‘आपसातला कराराचा वाद’ म्हणून बाहेर काढतात. नाते चांगले आहे तोवर नोंदणीदार म्हणून फर्मचे नाव, फर्मच्या मालकाचा ईमेल आणि मोबाइल घालून घ्या. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको, डोमेन बंद पडले की तोही बंद पडतो. नोंदणीदार बदलल्यावर बहुधा ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, म्हणून रिन्युअलच्या तोंडावर हे काम काढू नका.